धंदेवाल्याची एकसष्टी

कुठल्याही गावच्या बाजारपेठेतून सकाळी अकराच्या सुमारास एक चक्कर मारावी आणि बंद शटरांवरच्या पाट्या तेवढ्या वाचाव्यात. ‘घरगुती कारणामुळे दुकान दोन दिवस बंद राहील.’ ‘बाहेरगावी गेल्यामुळे बंद.’ ‘लग्नकार्यानिमित्त बंद.’ ‘कुलदैवताच्या दर्शनाला गेलो आहोत, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ पाट्यांवर विश्वास ठेवायचा, तर आपला दुकानदार वर्षभर एक तर लग्नाला तरी जातो नाही तर जेजुरीला तरी. एक पाटी मात्र सहसा दिसत नाही, ती म्हणजे ‘मालक आजारी आहेत’. शिंपी, न्हावी, गिरणीवाला, सायकलचं पंक्चर काढणारा, ही सगळी माणसंच. त्यांचंही रक्त गोड होतं, गुडघे कुरकुरतात, पाठ धरते. मग हे सगळे आजार जातात कुठे? ते ‘घरगुती कारण’ या दोन शब्दांआड पांघरूण घेऊन पडलेले असतात. आणि त्यालाही कारण आहे. शिंप्याचे हात थरथरतात असं कळलं की गिऱ्हाईक हळहळतं, आणि हळहळत हळहळत समोरच्या दुकानात जाऊन ब्लाउजचं माप देतं.

नोकरदाराचं सगळं उलटं असतं. त्याला आजार लपवायचा नसतो, साहेबांपुढे मांडायचा असतो. त्याची तयारी आपण शाळेपासूनच करून घेतो. पत्रलेखनात रजेचा अर्ज असायचा, आणि दरवर्षी तमाम विद्यार्थ्यांना नेमका एकाच वेळी ताप यायचा. म्हणजे नोकरदार ठणठणीत असताना आजाराचं सोंग आणू शकतो, आणि धंदेवाला आजारी असताना ठणठणीतपणाचं सोंग आणतो. आजारपणाच्या भत्त्याचे नियम हे पहिलं सोंग पकडायला लिहिलेले आहेत. दुसऱ्या सोंगाची त्यांना वार्ताच नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की स्वतःचा धंदा करणाऱ्याला आजारपणाचा भत्ता का देता येत नाही याची जी कारणं आपण ऐकत आलो, ती सगळी त्याला द्यायच्या वेळीच आठवतात. त्याच्याकडून घ्यायची वेळ आली, की त्यातलं एकही आडवं येत नाही.

आधी भत्ता मिळतो कुणाला, ते पाहू. आपल्याकडे आजारपणाच्या रोख भत्त्याचा मोठा आधार म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लोकांच्या तोंडी ‘ईएसआय’. प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये त्याचा आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. पगाराच्या पाऊण टक्का तो भरतो, सव्वातीन टक्के मालक भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी जमा असली आणि डॉक्टरांनी दाखला दिला, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम मिळते. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडायचा हक्क मिळतो. एवढं पंचांग पाहून आपल्याकडे फक्त लग्नं ठरतात. पण चेष्टा बाजूला ठेवू. ही योजना चांगली आहे, तिने कित्येकांच्या घरची चूल पेटती ठेवली आहे. अडचण एकच, तिच्या मधोमध मालक नावाचा खांब आहे. मालकाने नोंद करायची, मालकाने कापून घ्यायचं, मालकाने भरायचं. धंदेवाल्याला मालक नसतो असं नाही, पण तो त्याच्याच बनियनमध्ये असतो. या मालकाइतका कडक मालक कारखान्यातही सापडायचा नाही. ताप १०२ असला तरी तो म्हणतो, ‘आधी गिऱ्हाइकाचे कपडे दे, मग आडवा हो.’ कामगाराने संप करावा, तर घोषणा द्यायला आणि ऐकायला एकच माणूस!

बरं, हा आजारी धंदेवाला सरकारला ठाऊकच नाही, असंही म्हणता येत नाही. श्रमशक्तीचं जे नियतकालिक सर्वेक्षण होतं, त्यात गेल्या आठवड्यात प्रत्येकाने काय केलं ते विचारतात आणि उत्तरापुढे एक कोड लिहितात. त्या यादीत ‘घरच्या धंद्यात काम होतं, पण आजारपणामुळे केलं नाही’ या उत्तराला स्वतंत्र आकडा दिलेला आहे. तो आहे ६१. मराठी माणसाला एकसष्ट म्हटलं की शाल, श्रीफळ आणि लांबलेली भाषणं आठवतात. सरकारी एकसष्टीला यातलं काही नसतं. आणि गंमत पुढेच आहे. कोड ६१ मिळालेला माणूस बेरोजगार धरला जात नाही, त्याची गणती रोजगारात होते. अंथरुणाला खिळलेला, मिळकत शून्य, पण देशाच्या रोजगाराच्या आकड्यात तो ताठ उभा. हा कोपऱ्यातला चार माणसांचा प्रश्नही नव्हे. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक लोक स्वयंरोजगारात होते. घरच्या दुकानात किंवा शेतात पगाराशिवाय राबणारेही त्यातच आले. म्हणजे काम करणारा निम्म्याहून जास्त देश आजारी पडला, तर त्याच्यासाठी आकडा तयार आहे. रुपया तेवढा व्हायचा आहे.

यावर कुणी म्हणेल, योजनांचा तर पाऊस पडतो आहे. खरं आहे, पण हा पाऊस दोनच टोकांना पडतो. एका टोकाला दवाखाना आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देतात, आणि ती मोठीच सोय आहे. पण पैसे दवाखान्याला जातात. पेशंट घरी येऊन तीन महिने पडून राहिला, तर गाळ्याचं भाडं आणि पोरीची फी कोणत्या पॅकेजात बसते? दुसऱ्या टोकाला अपघात आहे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले, की अपघातात कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख आणि अंशतः आलं तर एक लाख मिळतात. हात मशीनमध्ये सापडून एका क्षणात जायला हवा. तोच हात वीस वर्षं कात्री चालवून हळूहळू बधिर झाला, तर तो योजनेतून बाहेर. त्यापलीकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा आजारांनी स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्यांनाही ती महिन्याला दीड हजार रुपये देते. अट अशी, की सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. एकवीस हजार हा आकडा सरकारला फारच लाडका दिसतो. ईएसआयमध्ये तो महिन्याचा, इथे वर्षाचा, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला सत्तावन्न रुपये. शिंप्याने दिवसातून दोन पँटी अल्टर केल्या, की त्या दिवसापुरतं त्याचं निराधारपण संपलं.

आता या दोन टोकांच्या मध्ये काय होतं, ते एका शिंप्याच्या दुकानाच्या पाटीवरच वाचता येतं. सुरुवातीला पाटीवर लिहिलेलं असतं, ‘सूट, सफारी, शर्ट, पँट उत्तम शिवून मिळतील’. मग पाठ बोलू लागते, कटिंगच्या टेबलाशी तासन्‌तास उभं राहणं जमेनासं होतं, आणि ‘सूट, सफारी’वर रंगाचा एक हात फिरतो. पुढे साखर डोळ्यांत उतरते. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक जाते, आणि अर्जंट कपडे घेणं बंद होतं. मग पाटीवर फक्त ‘पिको-फॉल करून मिळेल’ उरतं. त्याखाली बारीक अक्षरात वेळ येते, ‘सायंकाळी ५ ते ८’. शेवटी एक दिवस नवीन पाटी लागते, ‘गाळा भाड्याने देणे आहे’. ही पाटी म्हणजे त्या माणसाचा दहा वर्षांचा केसपेपर आहे. पण तो कुठल्याही अर्जाला जोडता येत नाही. तिच्यावर अशी एकही तारीख नाही, की जिच्या आदल्या दिवशी माणूस धडधाकट होता आणि दुसऱ्या दिवशी निकामी झाला. अर्जाला तारीख हवी असते आणि टक्केवारी हवी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. शाळेत पस्तिसाला सुटका होते, इथे एकोणचाळीस पडले तरी नापास, आणि पास झालं तर पेढे वाटण्याची सोय नाही. मराठी भाषा या बाबतीत शासनाच्या बरीच पुढे आहे. ‘काम करतो’ आणि ‘काम करत नाही’ यांच्या मध्ये तिने ‘करवत नाही’ असं एक क्रियापद ठेवलं आहे. व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. करायची इच्छा आहे, कामही समोर पडलं आहे, पण देह साथ देत नाही, हे सगळं त्या एका रूपात येतं. अर्जात मात्र दोनच चौकोन असतात. कोड ६१ सुद्धा ‘केलं नाही’ एवढंच म्हणतो. जणू काही हवा छान होती म्हणून राहून गेलं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा. भत्ता मिळतो म्हटलं की धंदेवाले खोटे आजारी पडतील, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला वर साहेबही नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने दुकान कधी चालवलेलं नसावं. भत्ता ७० टक्के धरला, तर उरलेले तीस टक्के पहिल्याच दिवशी बुडतात. गाळ्याचं भाडं, विजेचं बिल आणि मदतनिसाचा पगार चालूच राहतो. आणि गेलेलं गिऱ्हाईक भत्ता संपल्यावर परत येईल, याची हमी कोण देणार? दिवाळीच्या आधी पंधरा दिवस खोटं आजारी पडणारा शिंपी दाखवला, तर त्याचा सत्कारच करायला हवा. राहिला देखरेखीचा मुद्दा. नेदरलँड्समध्ये धंदेवाल्यांचा सक्तीचा अपंगत्व विमा २००४ मध्ये बंद झाला. त्यानंतर २००६ पासून तिथे ‘ब्रोडफोंड्स’, म्हणजे भाकरी-निधी उभे राहू लागले. स्वतःचा व्यवसाय करणारे वीस ते पन्नास जण एकत्र येतात, दरमहा पैसे बाजूला टाकतात, आणि कुणी आजारी पडला की बाकीचे सगळे त्याला थोडी थोडी रक्कम देणगी म्हणून देतात. हे जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. ओळखीच्या माणसांत सोंग टिकत नाही, हे त्यामागचं साधं सूत्र. त्या बाबतीत आपण डचांना शिकवणी लावू शकतो. आपल्या गल्लीत शटर बंद दिसलं, की अकराच्या आत निदान होतं, साडेअकराला दुसरं मत येतं, आणि बारापर्यंत ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणणारे तिघं तज्ज्ञ हजर होतात. असं मेडिकल बोर्ड कुठल्या जिल्हा रुग्णालयात बसतं?

दुसरा आक्षेप हिशेबाचा. पगारदाराची पगार-चिठ्ठी असते, धंदेवाल्याचं उत्पन्न कळणार कसं, आणि ते कळलं नाही तर सत्तर टक्के काढायचे कशाचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर सरकारनेच दुसऱ्या खिडकीवर लावून ठेवलं आहे. आयकरात छोट्या व्यापाऱ्यासाठी अंदाजित उत्पन्नाची पद्धत आहे. वह्या ठेवू नका, उलाढाल सांगा, तिच्या आठ टक्के तुमचा नफा समजू, पैसे बँकेतून किंवा ऑनलाइन आले असतील तर सहा टक्के समजू. मालवाहू गाडीचं तर त्याहून सरस. या पद्धतीत गेलेल्याच्या छोट्या गाडीमागे महिन्याला साडेसात हजार रुपये उत्पन्न धरतात, आणि ते गाडी तुमच्या नावावर आहे एवढ्यावर धरतात. ती महिनाभर गॅरेजमध्ये जॅकवर उभी असली तरी कागदावर मिळवतीच. उभ्या गाडीची कमाई ज्याला अंदाजाने काढता येते, त्याला आडव्या ड्रायव्हरचं नुकसान अंदाजाने काढता येऊ नये, हे पटत नाही. आठ टक्क्यांचा अंदाज वसुलीला चालतो, तर तोच अंदाज आजारपणात उलटा वाचावा. ज्याने जेवढं उत्पन्न दाखवलं तेवढ्यावर त्याचा भत्ता. मग उत्पन्न कमी दाखवायची आपली जी राष्ट्रीय सवय आहे, तिलाही थोडा पथ्याचा आहार मिळेल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, तो म्हणजे मालकाचा वाटा कुणी भरायचा? महिना पंधरा हजार कमावणाऱ्या कामगाराच्या खिशातून ईएसआयला साडेबाराशेही नव्हे, एकशे साडेबारा रुपये जातात. बाकीचे चारशे साडेसत्याऐंशी मालक देतो. धंदेवाल्याने दोन्ही खिशांतून भरायचे तर सहाशे झाले. हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवून दाखवलेला आहे. गोदीत, बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना ठरावीक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. म्हणून ते कुणाचेच कामगार नव्हते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मंडळं स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय लावायची. मालक सापडत नाही, तर मालकाच्या जागी मंडळ उभं करता येतं, हे त्यातलं शहाणपण. न्हाव्याच्या प्रत्येक कटिंगवर लेव्ही लावता येणार नाही, हे मान्य. दाढीच्या बिलावर उपकर पाहिला, तर गिऱ्हाईक दाढीच वाढवेल. पण राज्याकडे आणखी एक जुनं उदाहरण आहे. व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. ज्यांना काम आहे त्यांच्याकडून घ्यायचं, ज्यांना काम नाही त्यांना काम द्यायचं. आज नोंदलेला व्यावसायिक वर्षाला अडीच हजार भरतो. ज्याला काम आहे पण करवत नाही, तो या वाक्यात बसवायला एक उपवाक्य जोडावं लागेल, एवढंच.

चौथा आक्षेप सल्ल्याच्या रूपात येतो, अर्थतज्ज्ञ काकांचा. बचत करावी, मेडिक्लेम काढावा. काढावाच. पण नेहमीचा मेडिक्लेम सहसा माणूस चोवीस तास दवाखान्यात भरती झाल्याशिवाय हलत नाही, आणि संधिवात कधी भरती होत नाही, तो घरीच राहतो. बचतीचं म्हणाल, तर तिचं पहिलं गिऱ्हाईक दुकानातला माल असतो. भिशीही आहे, पण भिशी चिठ्ठी काढून मिळते. गुडघा दुखतो त्याच महिन्यात आपलं नाव निघावं, यासाठी गुडघ्याची आणि चिठ्ठीची आधी बोलणी व्हावी लागतात.

शेवटचा आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो. ऐच्छिक योजना काढली, तर धडधाकट बाहेर राहतील आणि ज्याला उद्या ऑपरेशन आहे तो आज रांगेत उभा राहील. अशा निधीचं दुसऱ्याच वर्षी दिवाळं वाजेल. म्हणून प्रतीक्षेचा काळ हवा, आणि त्याची रचना ईएसआयच्या पंचांगात आयती आहे. वर्गणी आधी, हक्क नंतर. शिवाय भत्ता सगळा किंवा काहीच नाही असा नको. दुकान सायंकाळी पाच ते आठ चालवणाऱ्याला बाकीच्या वेळेपुरता अर्धा भत्ता मिळायला हवा, नाही तर पूर्ण भत्त्यासाठी पूर्ण बुडावं लागेल. तरीही वर्गणीवर सगळं भागणार नाही. काही भार सरकारने उचलावाच लागेल, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नोंदणीचं निमित्तही आता उरलेलं नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रमवर ३० कोटींहून अधिक लोक नोंदले गेले आहेत, आणि कार्ड लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलेलं आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने स्वयंरोजगारातल्या माणसालाही असंघटित कामगार मानलं आहे, आणि ईएसआयचे लाभ असंघटितांना देणारी योजना केंद्राला ‘करता येईल’ अशी तरतूदही आहे. सगळी गाडी या ‘करता येईल’वर अडली आहे. ‘करील’ असं लिहिलं असतं तर ते कर्तव्य झालं असतं. धंदेवाल्याला करवत नाही आणि सरकारला करता येईल. दोघांच्याही क्रियापदात शक्यताच आहे, पण औषधाचं बिल मात्र कायम वर्तमानकाळात येतं.

अशी योजना कधी आलीच, तर ती यशस्वी झाली की नाही हे पाहायला समिती नेमायची गरज नाही. पुन्हा बाजारपेठेतून सकाळी अकराला चक्कर मारावी आणि पाट्या वाचाव्यात. आजारपण कबूल केल्याने पैसे जातात, तोवर धंदेवाला जेजुरीलाच जाणार. ज्या दिवशी कबूल केल्याने थोडे पैसे येऊ लागतील, त्या दिवशी एखाद्या शटरवर, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, स्केचपेनने लिहिलेलं दिसेल, ‘पाठ धरली आहे. तीन आठवडे दुकान बंद. कपडे तयार आहेत, शेजारी ठेवले आहेत.’ कोड ६१ ची शाल आणि श्रीफळ म्हणून एवढी एक खरी पाटी पुरे.